डबल बेल कोण हाये?

आयक ना वं, फक्त आयक. मधात बोलू नको, काय इचारायचं ते शेवटी इचार. हे आर्णीकडच्या अर्पिताचं हाये, आणि बोंडअळीच्या सालचं हाये, म्हणजे तुले समजलंच, त्या साली लोकायची तोंडं कशी होती. बोंड फोडलं का आत गुलाबी अळी. जो काही बरा कापूस घरी आला त्याले भाव नाही. म्हून अर्पिताच्या बापानं, विठ्ठलरावानं, तो विकलाच नाही, समोरच्या खोलीत भरून ठेवला. गंजी पार आढ्याले टेकली. पाहुणा आला का ओट्यावर बसवा, कारण घरात कापूस बसला हाये.

आणि अर्पिताचा सारा कारभार त्या गंजीवर. आर्णीले एका कॉम्प्युटर क्लासमधी शिकवे ती. संध्याकाळी घरी आली का हातपाय धुवे, शिडी लावे आणि थेट वर. वरच्या झरोक्यापाशीच फोनले व्हिडिओ चालन एवढी रेंज येत होती. कापसानं आंग खाजवे, पण तिथं कोणी वर येऊन "काय पाहून राह्यली?" म्हणत नव्हतं. कानात इअरफोन घालून पोट्टी ॲनिमे पाहे, म्हणजे ते जपानी कार्टून.

हे ॲनिमेचं येड तिले आभानं लावलं. आभा म्हणजे तिची यवतमाळच्या कॉलेजातली मैत्रीण, बाप कलेक्टर ऑफिसात, घरी वायफाय. पण आभाले आवडे मारामारी. तलवारी, राक्षस, एक जण शंभर भाग ओरडूनच राह्यला हाये. अर्पिताले ते नको. शाळेतलं लव्ह-बिव्हही नको. तिले काय आवडे सांगू? ज्याच्यात काहीच होत नाही ते. कोणी तरी दुकान उघडते, झाडते, चहा करते, गिऱ्हाईक येते, जाते, संपला भाग. हसू नको! दिवसभर क्लासमधी पोट्टे डोकं खाय, घरी अळीच्याच गोष्टी, मंग माणसाले काहीच न होणारं पाहिजेच ना.

पण असलं सापडते कुठं? टेलिग्रामवर एक ग्रुप होता, विदर्भातल्या ॲनिमे पाहणाऱ्या पोट्टे-पोट्टीयचा. तिथं तिनं टाकलं, "जिच्यात काहीच होत नाही अशी सिरीज सांगा." झालं, सारे तुटून पडले. एक म्हणे, "आमच्या गावची ग्रामसभा पाह्य." दुसरा म्हणे, "लाईट गेल्यावर टीव्ही पाह्य." बाकीच्यायनं तेच नेहमीचे मारामारीवाले पाठवले.

आणि एकानं वेगळा मेसेज केला. नाव होतं 'डबल बेल'. फोटोत एसटीतली ती घंटीची दोरी असते ना, ती. बाकी काहीच नाही, पोट्टा का पोट्टी काय समजत नव्हतं. सरळ इचारलं, "शेवट गोड पाहिजे का?"

अर्पितानं लिहिलं, "नाही. पण रडवणारा बी नको."

"पाऊस चालते का?"

"चालते."

"मायबाप जिते पाहिजे का मेलेले? ॲनिमेत बहुतेक मेलेलेच असतात."

अर्पिता गंजीवर एकटीच खी खी हसली. खालून इंदूबाई, तिची माय, ओरडली, "काहून वं, कापसात उंदीर हाये का?"

डबल बेलनं एक सिरीज सांगतली. एका बेटावर एकटी बाई राहते, रोज संध्याकाळी जहाजायसाठी दिवा लावते. बस. एवढंच. अर्पितानं पाह्यली आणि दोन दिवस कोणाशी धड बोलली नाही. इतकी तिच्या मनातली. मंग दुसरी सांगतली, एक म्हातारा छत्र्या दुरुस्त करते, पण उन्हाळ्यातच, कारण पावसाळ्यात लोकं घाई करतात आणि त्याले घाई पटत नाही. ती तर त्याहून बरी. अर्पिताले वाटलं, माय, हा माणूस माझ्या डोक्यात बसून आला काय?

आता पाह्य, इथून मजा सुरू झाली. मजा कायची म्हणा.

त्याच हप्त्यात विमलताई आली. विमलताई म्हणजे त्या भागातली सोयरिकी जमवणारी, साऱ्या गावाची ताई; अर्पिताचा बायोडाटा तिनं मागंच नेला होता. ओट्यावर बसली, पाणी पिली आणि म्हणे, "पोरगा लोहाऱ्याले कंपनीत हाये, परमनंट. आयुष नाव. यवतमाळले घर. बाप नागोराव, एसटीत कंडक्टर होता, रिटायर झाला. एक बहीण, कॉलेजात. अजून काय पाहिजे?"

विठ्ठलरावाचा चेहरा किती तरी दिवसानं उजळला. त्या साली वावरवाल्या घरी पोरगी द्यायले कोणी तयार नव्हतं, वावरवाले बी नाही. नोकरीवाला पोरगा म्हणजे साऱ्या गावाच्या पोरीयचे बाप रांगेत.

अर्पिता चहा घेऊन दारात उभी होती. ती नोकरीवर खुश झाली नाही, बापाच्या चेहऱ्यावर खुश झाली, आणि मनात म्हणे, माझं क्लासचं काम सुरू राहू देतील का हे लोकं, तेवढंच पाहायचं. बाकी दिसायले कसा बी असो.

आणि त्याच संध्याकाळी गंजीवर डबल बेलचा प्रश्न आला, "हिरोईननं लग्नानंतर काम सोडलं, तर अशी सिरीज चालते का तुले?"

अर्पिताचा हात थांबला.

काहून थांबला ते आयक. तुले आपल्याकडची चौकशी माहीत हाये ना. पाहायले येण्याच्या पयले पोराकडचे लोकं गुपचूप माणूस पाठवतात. आटाचक्कीवर इचारतात, किराणा दुकानात इचारतात. अर्पिताच्या काकाच्या पोरीची सोयरीक कशानं मोडली? एक अनोळखी बाई दुपारी पाणी मागायले आली, काकाच्या पोरीनं "पाणी गरम हाये, चालते का?" असं जरा तोऱ्यात म्हटलं, आणि महिन्याभरात निरोप आला, पोरगी उलट बोलते! तवापासून त्या गावात अनोळखी बाईनं पाणी मागितलं का घासलेला गडवा निघते आणि वरून गूळ देतात. खरंच सांगून राह्यली. मागं पोलिओवाली सिस्टर आली तर तिले बी गूळ देला.

आता अर्पिताच्या डोक्यात जुळत गेलं. नाव डबल बेल. फोटोत एसटीची दोरी. पोराचा बाप कंडक्टर. आणि प्रश्न काय, तर लग्नानंतर काम सोडलं तर चालते का! मनात म्हणे, हे लोकं आता पाणी मागायले येत नाही, टेलिग्रामवर येतात.

तिनं आभाले फोन लावला. "खरं सांग, डबल बेल तूच हायेस का?"

आभा म्हणाली, "अगं वेडी का? छत्र्या दुरुस्त करणारा म्हातारा बघायला माझ्याकडे कुठे धीर? मी पाच मिनिटांत कुणाचं तरी मुंडकं उडालं नाही तर बंद करते."

"मंग कोण असन?"

"कोणीही असेल. एसटीचे चाहते काय कमी आहेत? तू उगाच संशय घेतेस."

पण संशय एकदा आला का जाते का? अर्पितानं आपल्या साऱ्या जुन्या उत्तरायवर नजर फिरवली. शेवट गोड नको म्हटलं, म्हणजे पोट्टी खडूस. एकटी बाई आवडली म्हटलं, म्हणजे पोट्टी एकलकोंडी, सासरी जमणार नाही. अरे देवा, हे सारं नागोरावाच्या घरी पोहोचलं असन!

मंग तिनं काय केलं? तिनं आवडच बदलून टाकली. त्या कामाच्या प्रश्नाचं उत्तर गोलमाल केलं आणि लिहिलं, "मले आता घरगुती सिरीज सांगा. मोठं कुटुंब, सासूसुनेचं प्रेम, सण वगैरे."

तिकडून आलं, "पक्कं?"

"पक्कं."

डबल बेलनं सांगतली. एक सून, सात दीर, आणि प्रत्येक भागात सातही डबे. कोणाच्या डब्यात काय आवडते ते तिले पाठ. दीर जेवतात, म्हणतात व्वा वहिनी, ती लाजते. संपला भाग. अर्पिता गंजीवर बसून दात खाय, आंग खाजवे आणि पाहे, कारण उद्या प्रश्न आला तर उत्तर पाहिजे. एकदा डोळा लागला तर उठून भाग परत लावला, जसं काही परीक्षाच हाये!

"आवडली का?" डबल बेलनं इचारलं.

"लय! डबे पाहून शिकायले भेटलं."

"खरंच?"

"हो तर."

त्या 'खरंच'वर बी तिले संशय आला. पण संशयानं काय सिद्ध होते? म्हून तिनं फासा टाकला. लिहिलं, "मले मांजरी लय आवडतात. मांजरवाली सिरीज असन तर सांगजा." आता खरी गोष्ट अशी, का मांजर दिसलं का अर्पिता पलंगावर चढते. लहानपणी चावलं होतं. हे साऱ्या गावाले माहीत, पण डबल बेलले नाही. हा फासा तिनं ना आभाले सांगतला, ना मायले. म्हणे, पाहुणे येऊ द्या, कोणाच्या तोंडून मांजर निघते ते पाहू.

रविवारी पाहुणे आले. घरात कापूस, म्हून आंगणात खुर्च्या टाकल्या. नागोराव, त्यायची बायको, आयुष, त्याची बहीण भैरवी आणि संगं विमलताई. आलूपोहे झाले, चहा झाला. आयुष दिसायले ठीकच, खाली मान घालून पोह्यातले शेंगदाणे एकीकडं करून राह्यला होता. नागोराव विठ्ठलरावाले इचारे, "पुढच्या वेचणीसाठी फरदड ठेवली का मोडली?" आणि विठ्ठलराव म्हणे, "मोडली, अळीले अजून कायले पोसता?" अर्पिता साडीत, हात मांडीवर, कान टवकारलेले.

आणि आयुषच्या मायनं अर्पिताकडं पाहून गोड हसत म्हटलं, "आमच्या घरी मांजर हाये बरं, पोरी. आताच पिल्लं देली. तुले मांजरी आवडतात म्हणे, बरं झालं."

अर्पिता काही बोलाच्या पयलेच इंदूबाई बोलली, "हिले? मांजर? अहो, मांजर दिसलं तर ही पलंगावरून खाली उतरत नाही!"

सारे हसले. नागोराव बी हसले. आयुषच्या मायचं हसू मात्र मधातच थांबलं, आणि तिनं भैरवीकडं पाह्यलं. भैरवीनं आयुषकडं. आयुषनं शेंगदाण्याकडं.

सापडले! पण सापडलं कोण? माय, का बहीण, का हा शेंगदाणेवाला?

अर्पिता "पाणी आणते" म्हणून आत गेली. सैपाकघरातून फोन काढला, डबल बेलले लिहिलं, "पाणी पाहिजे का?" आणि दाराच्या फटीतून आंगणात पाहत पाठवलं.

आता आयक. भैरवीच्या मांडीवरचा फोन वाजला. आणि त्याच्या मागंच, टिंग, आयुषच्या खिशातला बी वाजला.

दोन्ही! दोघायनं बी काढून पाह्यले. दोघं बी दचकले. दोघायनं बी फोन ठेवून देले.

अर्पिता गडवा धरून तिथंच उभी. एक सापडन असं वाटलं होतं, हे तर दोन निघाले. तेवढ्यात भैरवीच उठून आत आली. बाहेर ऐकू जाईन अशा आवाजात म्हणे, "ताई, तुमची कापसाची गंजी दाखवा ना मले," आणि खोलीत येताच हळू आवाजात, "तुम्हाले कळलं ना?"

"कोण हाये डबल बेल?"

"अकाउंट माझं. दादाच्या फोनात बी तेच लॉगिन हाये. त्याच्याकडं वेगळं नाही. बाबा म्हणतात, नोकरीवाला घोडा कार्टून पाहते, लोकं काय म्हणतीन. म्हून तो माझ्या नावानं पाहे."

"आणि तुमच्या मायनं तुम्हाले माझी चौकशी करायले लावली."

भैरवी गंजीतला कापूस बोटानं ओढत राह्यली. "ताई, दिवेवाली बाई आणि छत्रीवाला म्हातारा सांगतला, तवा आम्हाले माहीतच नव्हतं तू कोण हाये." बोलता बोलता 'तुम्ही'वरून 'तू'वर आली पोट्टी. "मंग तुझा बायोडाटा आला. त्याच्यात पिवळा ड्रेस, आणि टेलिग्रामवर बी तोच फोटो. मीच येडी, आईले दाखवलं. आई म्हणे, मंग पोरीचं मन काढून घे जरा."

"मंग काय काय सांगतलं आईले?"

"सात डबेवाली आवडली म्हणून सांगतलं. आई खुश. म्हणते, अशी सून दिवा घेऊन शोधली तरी भेटत नाही." भैरवी जरा हसली. "मी दोन भागात झोपली होती ताई. तुले ते आवडूच शकत नाही, मले तवाच समजलं होतं. छत्रीवाल्यावर जिनं एवढा मोठा मेसेज लिहिला, ती डबे कायले पाहते?"

आता अर्पिताच्या ध्यानात आलं. म्हणजे ते लोकं पसंत करून राह्यले होते, पण जिले पसंत करून राह्यले होते ती पोट्टी तर तिनंच बनवली होती.

"एक सांग," अर्पिता म्हणाली. "लग्नानंतर काम सोडलं तर चालते का, हे कोणी इचारलं? तुझ्या मायनं का दादानं?"

भैरवी लगेच म्हणाली, "मी."

लय लगेच म्हणाली वं. अर्पिताले तेच खुपलं. बाकी साऱ्या गोष्टी पोट्टी अडखळत सांगे, आणि ही एकच तयार उत्तरासारखी.

"तू काहून इचारलं?"

"असंच. आवड पाहायले."

"आणि शेवट गोड पाहिजे का, ते?"

"ते दादानं. मायबापाचं बी दादानंच. तो दिवेवाली सिरीज तीनदा पाहून बसला हाये." मंग जवळ येऊन म्हणे, "ताई, मी आईले खरं सांगू का? म्हणजे तुझी खरी आवड. का राहू देऊ? तू म्हणशीन तसं."

आता सांग, हे मायेनं इचारलं, का हे बी मायच्याच सांगण्यावरून? अर्पितानं तिच्या डोळ्यात पाह्यलं, पण डोळ्यात काय लिहिलं राहते का? कापसाची मूठ भैरवीच्या हातात तशीच, आणि बाहेरून विमलताईचा आवाज, "अर्पिता! कुठं गेली वं?"

अर्पिता बाहेर आली. उभ्या उभ्या साऱ्यायसमोर आयुषले म्हणाली, "तुम्ही ॲनिमे पाहता का?"

आयुषनं मान वर केली, पयल्यांदाच. बापाकडं पाह्यलं.

"ते काय असते?" त्यानं म्हटलं.

नागोराव म्हणाले, "हे पाह्यलं का! आमच्या पोराले कंपनी आणि घर, बाकी काहीच नाही." विठ्ठलराव खुश. आयुषचे कान मात्र लाल झाले. आता ते खोटं बोलला म्हणून लाल झाले, का भैरवीनं आत सारं खोटंच सांगतलं आणि बिचाऱ्याले खरंच माहीत नाही? आणि माहीत असून बापासमोर एवढं बी बोलवत नसन, तर उद्या बायकोच्या कामासाठी मायसमोर बोलन का? अर्पिताच्या डोक्यात हे सारं एकदमच फिरे.

विमलताईनं हात चोळले. "मंग? पोराकडून तर होकारच हाये असं मी समजते. पोरी, तू सांग."

इंदूबाईनं डोळ्यानंच हो म्हण, हो म्हण केलं. विठ्ठलराव खुर्चीच्या काठावर आला. त्याचं ते तोंड पाहून अर्पिताच्या ओठावर होकार आलाच होता. आणि तिनं म्हटलं, "मले दोन दिवस पाहिजे."

आपल्याकडं दोन दिवस म्हणजे काय, तुले माहीत हाये. पोराकडचे दोन दिवस मागतात, पोरीकडचे नाही. आयुषच्या मायनं पर्स उचलली. विमलताई "पोरगी लाजते जी, लाजते" म्हणत त्यायच्या मागं धावली. गाडी वळणाआड गेल्यावर विठ्ठलराव खुर्च्या उचलून ठेवून राह्यला. इंदूबाई बोलतच राह्यली. "नोकरीवाला पोरगा! मांजरापायी!"

अर्पिता साडीतच शिडी चढली. फोन घेतला आणि लिहिलं, सारं खरं. सात डबे पाहून मी कंटाळली. मांजराचं खोटं. मले एकटी राहणारी बाई आवडते, लग्नानंतर काम सोडणारी आवडत नाही, मी बी सोडणार नाही. शेवट गोड नसला तरी चालते, पण कोणी कोणाले फसवत असन तर मी भाग अर्ध्यात बंद करते. ज्यानं दिवेवाली सांगतली त्यानंच उत्तर द्यावं, दुसऱ्यानं नाही.

बोट बटणावर. तिले माहीत होतं, हा मेसेज दोन फोनवर एकाच वेळी वाजन. गाडीत नागोराव, मायही बाजूले. कोण उघडते, कोण वाचून दाखवते, काय खबर? खाली बापाच्या खुर्च्यायचा आवाज. तिनं पाठवून देला.

दोन टिक लागल्या. मंग 'टायपिंग' दिसलं. बंद झालं. परत दिसलं. आता कोणाचा अंगठा हाये तो, भैरवीचा, का आयुषचा, का दोघायच्या मधात बसलेल्या मायचा, हे कसं समजन? आणि उत्तर आलं तरी ते कोणाचं, हे बी कसं समजन?

तू असती, तर तो मेसेज पाठवला असता का वं?